धाकटीचा हात

माझ्या धाकट्या जावेचा मला मत्सर वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगणार आहे त्यात मी काही चांगली दिसणार नाही, आणि ते वाईट कुठून आलं हे वाचणाऱ्याला सुरुवातीलाच ठाऊक असलेलं बरं. म्हातारपणी असल्या गोष्टी विरून जातात असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या काही विरल्या नाहीत.

मी भोरची. भोरला तेव्हा संस्थान होतं, मुलींची शाळा होती आणि मी चौथी पास होते. विंझरच्या पुढे, वेल्ह्याच्या वाटेवर एका वाडीत मला दिलं, तेव्हा त्या सगळ्या वाडीत लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी मी शहाणी होते. शेतकऱ्याच्या घरात त्या शहाणपणाचा उपयोग एवढाच, की कुणाचं पत्र आलं की मला हाक मारायचे आणि वाचून झालं की पुन्हा चुलीपुढे धाडायचे.

त्या घरात खरा मान एकाच माणसाला होता, तो माझ्या सासऱ्यांना. मामंजी मंत्र म्हणून विंचू उतरवायचे. आमच्याकडे बांधाच्या दगडाखाली, गोवऱ्यांच्या ढिगात, पेंढ्यात विंचू असायचेच, आणि त्यातली इंगळी चावली तर धडधाकट बाप्या लहान पोरासारखा लोळायचा. बैलगाडीनं भोरचा दवाखाना गाठेपर्यंत दिवस जायचा. त्यामुळे चार गावांतून माणसं मामंजींना बोलवायला येत. निरोप आला की मामंजी भरल्या ताटावरून उठत, आणि ते उठले की सगळं घर उठून उभं राही. हात धुवायला पाणी दे, पायताण पुढे कर, कडुनिंबाचा डहाळा तोडून आण. मी ते दाराआडून बघायची. मला दागिने नको होते, लुगडं नको होतं. कुणीतरी धापा टाकत अंगणात यावं आणि माझं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

मंत्राचे नेम फार कडक. ज्याला विंचू चावलाय त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, सुपारीचं खांडही तोंडात टाकायचं नाही. पडवळ खायचं नाही, आमच्या परड्यात पडवळाचा वेल कधी चढला नाही. मंत्र कागदावर उतरवायचा नाही. म्हणताना अडखळलं तर पहिल्यापासून म्हणायचा. आणि ग्रहण लागलं की नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, ग्रहण सुटेपर्यंत तो जागवायचा. नाही जागवला तर मंत्र निजतो.

मामंजींना दोन मुलगे. माझ्या मालकांना दोन ओळी धड पाठ होईनात, आणि भावजींना त्यातलं काहीच नको होतं, त्यांचा सगळा जीव बैलांत. मी चार वर्षं मामंजींच्या मागे लागले. आधी ते हसले, मग रागावले, मग म्हणाले की बाईला कुणी दिलेला नाही. मी म्हटलं, नाही म्हणून कुठं लिहिलंय? शेवटी त्यांनी दिला. मी तो एका दुपारी पाठ केला. आणि मग तीन ग्रहणं नदीत उभी राहिले. एकदा तर थंडीचे दिवस होते, दात वाजत होते, तरी एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. पडवळ मला आवडायचं, तेही सोडलं. एवढं सगळं करूनही गावातली माणसं आली की मामंजींनाच बोलवायची, पण मी वाट बघायला तयार होते. मामंजींच्या मागे ती जागा माझीच, हे सगळ्या घरानं धरलेलं होतं.

अशात भावजींचं लग्न झालं आणि धाकटी आली. उत्रोलीची. उत्रोली भोरच्या अगदी नाकासमोर, पण आम्हा भोरच्या लोकांना ती नेहमीच लांब वाटायची. सोळा वर्षांची पोर, काळीसावळी, तोंड उघडून हसायची. म्हशींशी गप्पा मारायची. शंभरापुढे मोजता येत नव्हतं. मला ती आवडली होती, हे खोटं नाही. माझ्यापुढे ती अगदीच कच्ची होती, म्हणून आवडली होती.

त्याच वर्षी भाताची झोडणी चालली होती. मामंजी किकवीला एका लग्नाला गेलेले. खळ्यावर भारे उचलताना कामाला आलेल्या एका म्हातारीच्या बोटाला इंगळी चावली. म्हातारी किंचाळली, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? आता माझी पाळी. मी पाय धुतले, चूळ भरली, डहाळा तोडून आणला, पूर्वेला तोंड केलं आणि डोळे मिटून मंत्र सुरू केला. एकेक ओळ चोख. म्हातारी ओरडतच होती. मध्येच तिचं ओरडणं थांबलं. मला वाटलं, लागू पडलं. डोळे उघडून बघते तर केसांत भुसा माखलेली धाकटी तिच्यापाशी फतकल मारून बसली होती. म्हातारीचा हात हातात घेऊन विचारत होती, कळ कुठवर आली? म्हातारी म्हणाली दंडापर्यंत. धाकटी दंडावरून हात खाली फिरवायची आणि पुन्हा विचारायची, आता कुठं हाय? कोपराशी. आता? मनगटात. असं करत करत तिनं ती कळ बोटात आणून सोडली. म्हातारी मुसमुसत तिच्या खांद्याला टेकली. माझा मंत्र अजून निम्मासुद्धा झाला नव्हता.

बायका धाकटीभोवती गोळा झाल्या. हे कुठं शिकलीस म्हणून विचारायला लागल्या. ती गोंधळली. म्हणाली, मला काय येतंय, आमच्याकडं म्हशीचं पोट दुखलं की असंच करतात. आणि म्हातारीनं पुढे केलेलं पान घेऊन तिनं सरळ तोंडात टाकलं. मी सगळे नेम डोळ्यांपुढे मोडताना बघत होते. अंगाचा तिळपापड होतो म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मला वाटलं, एकदा लागला असेल हात. पण मग दुसरा आला, तिसरा आला. विंझरपासून माणसं यायला लागली आणि अंगणातूनच म्हणायला लागली की धाकटीला पाठवा. ती शेणाच्या हातानं जायची, त्यांच्या घरची भाकर खाऊन यायची. माहेरी गेली की पोट भरून पडवळाची भाजी खाऊन यायची आणि मलाच चव सांगायची. काही म्हणजे काही उलटं झालं नाही. एकदा ती चार दिवस बाहेर बसलेली होती. गोठ्याच्या टोकाला, कुणाला शिवायचं नाही. त्या दिवसांत मी तर मंत्र मनातसुद्धा आणत नसे. एक माणूस विव्हळत आला. तिनं लांबूनच त्याला विचारलं, कळ कुठवर आली? आता बघा बरं, खाली सरकली का? तो माणूस तिच्याकडे टक लावून बघत राहिला आणि घटकाभरात उठून चालायला लागला. हातसुद्धा लावला नव्हता तिनं. मी ओसरीवर निवडायला बसले होते, सुपातले तांदूळ सगळे खाली सांडले.

मी चहाडी केली. मामंजींना सगळे मोडलेले नेम सांगितले. त्यांनी रागवावं म्हणून सांगितले, आणि ते हसले. मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं म्हणाले, "तुझं पाठांतर चोख हाय पोरी. पर हात तिचा हाय."

मायेनं म्हणाले, म्हणूनच ते जास्त लागलं. त्या रात्री मी जेवले नाही. चार वर्षं विनवण्या, तीन ग्रहणं, सोडलेलं पडवळ, आणि ही कालची पोर आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. त्यानंतर मी तिला काय काय केलं ते लिहायला बसले तर वही पुरायची नाही. करपलेली भाकर तिच्या ताटात, फाटकी वाकळ तिच्या अंगावर, जड हंडा तिच्या डोक्यावर. ती हसायची. माझ्या लेकीला, तेव्हा पाच-सहा वर्षांची होती, दिवसभर काखेत घेऊन फिरायची. लेक माझी, पण हाक मारायची काकीला. हेही त्यातच मिळवा.

दीड वर्षानं धाकटीला मुलगा झाला. मुलगा पाच महिन्यांचा असताना सूर्यग्रहण यायचं होतं, आणि मला युक्ती सुचली. मी मामंजींना म्हटलं, मंत्रावाचून हिचा हात चालतो हे बघून लोक आता विचारायला लागलेत की मंत्राची गरजच काय. ते म्हाताऱ्याला लागलं. त्याच्या बापाकडून, आज्याकडून आलेला मंत्र. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, तिलाबी दे मंत्र, तूच शिकव. सासऱ्यापुढे धाकट्या सुनेनं बोलायचं नसे, त्यामुळे तिला जे कळायचं ते माझ्या तोंडूनच कळायचं. हे मला ठाऊक होतं.

मी तिची गुरू झाले. महिनाभर तिला पाठ करायला लावलं. तिच्या काही डोक्यात राहीना. मधल्या एका ओळीला दर वेळी अडखळायची आणि मी दर वेळी पहिल्यापासून म्हणायला लावायची. ती रडकुंडीला आली की मला बरं वाटायचं. नेम सगळे सांगितले. आणि शेवटी एक नेम मी माझ्या पदरचा घातला. म्हटलं, एकदा मंत्र घेतला की तो सबंध म्हटल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, आणि विचारायचंही नाही. लावलास तर ते विष उलटतं. घरातल्या सगळ्यात लहान जिवावर उलटतं. हे कुणापाशी बोलायचंही नाही, बोललं तरी उलटतं.

तिनं पोराकडे बघितलं. तिचं तोंड उतरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ग्रहणाच्या दिवशी आम्ही दोघी नदीत उभ्या राहिलो. भर दिवसा उजेड पिवळा पडला, कावळे झाडावर जाऊन बसले. ती शेजारी पुटपुटत होती, अडखळत होती, पुन्हा सुरू करत होती. मी डोळे मिटून मंत्र म्हणायचं सोडून तिच्या चुका ऐकत होते.

त्यानंतर तिचा हात गेला. माणूस समोर ओरडत असायचा आणि ही आढ्याकडे बघत शब्द आठवत बसायची. अडखळायची, पहिल्यापासून घ्यायची, घामाघूम व्हायची. माणसाकडे बघायचीच नाही. दोन-तीनदा असं झालं आणि लोक म्हणायला लागले, बाळंतपणात गेला हो हिचा गुण. मामंजी त्याच सुमाराला अंथरुणाला खिळले. मग अंगणात माझं नाव यायला लागलं. थोरल्या बाई आहेत का? मी भरल्या ताटावरून उठायची. धाकटी माझं पायताण पुढे करायची. एक वर्षभर मला काही कमी नव्हतं. माझ्या मंत्रानं माणसं रात्रभर कण्हायची आणि सकाळी बरी व्हायची, तशी ती बरी झालीच असती, पण मान माझा होता.

मग एका दुपारी माझ्या लेकीला इंगळी चावली. गोवऱ्या आणायला गेली होती, घोट्याला चावली. आठ वर्षांचा जीव. बाप्या माणसाला जे विष लोळवतं ते तेवढ्याशा अंगात गेलेलं. तिला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली. मालक गाडी जुंपायला धावले. मी मंत्र म्हटला. चोख म्हटला. पुन्हा म्हटला. पोरीनं माझा हात झिडकारला आणि म्हणाली, काकीला बोलव.

मीच हाक मारली. धाकटी शेतातून पळत आली, मुलगा कडेवर. बसली, डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. त्याच ओळीला अडखळली. पहिल्यापासून घेतला. पुन्हा तिथंच अडखळली. पोरीचे डोळे फिरायला लागले होते. धाकटीनं डोळे उघडले, माझ्या लेकीकडे बघितलं, मग कडेवरच्या पोराकडे. उठून तिनं मुलगा सासूबाईंच्या हातात दिला.

"आत्याबाई, ह्याला नदीपल्याड न्या. म्या निरोप धाडल्याबिगर माघारी आनू नका."

सासूबाईंना काही कळलं नाही. शेजारपाजारच्या बायकांनाही नाही. तिथं जमलेल्या सगळ्यांत एकटीला मला कळलं. एक वाक्य बोलायचं होतं, की अगं तसा काही नेम नाही. बायका उभ्या होत्या, त्यांच्यादेखत मला ते बोलवेना. पुढे कित्येक दिवस मी मनाशी म्हणत राहिले, की त्या वेळी बोलले असते तर तिचं चित्त ढळलं असतं. ते खरं नाही. मला माझी जागा सोडवत नव्हती, लेक डोळ्यांदेखत गार पडत असतानासुद्धा.

धाकटीनं पोरीचा पाय मांडीवर घेतला. "कुठवर आली ग माजे बाय?"

गुडघ्यात, असं लेक म्हणाली. आता? आता पोटरीत. धाकटीचे डोळे पोरीवरून हलले नाहीत, आणि पोरीचेही तिच्यावरून. मी पलीकडे उभी होते ते त्या दोघींच्या गावीही नव्हतं. उन्हं कलली तेव्हा लेकीच्या अंगात ऊब आली आणि ती काकीच्या मांडीवर झोपली. मालकांनी गाडीचे बैल सोडले. लेक वाचली म्हणून मी रडले, आणि ती तिच्या मांडीवर झोपली म्हणून जळाले. दोन्ही एकदम झालं. माणसाचं मन एवढं हलकट असू शकतं.

त्या दिवसापासून धाकटीनं पोराला भुईवर पाय टेकू दिला नाही. दीड वर्षाचं चालतं पोर, दिवसभर कडेवर. रोज त्याची वाकळ तीनतीनदा झटकायची. अंगणातला एकेक दगड उचलून लांब टाकून आली. गोवऱ्यांचा ढीग तिनं एकटीनं परड्याच्या टोकाला नेला. पोराला पोटावर घेऊन झोपायची, म्हणजे झोपायचीच नाही. सासूबाई थट्टा करायच्या की जगात हिला एकटीलाच पोर झालंय. ती वाळत चालली. हसणं गेलं. मी ते रोज बघत होते, आणि तिनं माझ्यासाठी केलेल्या कामाचं एका शब्दानं नाव काढलेलं नव्हतं. सुगीत झालेली ही गोष्ट, आणि शिमगा आला तरी मी तोंड उघडलं नाही.

शिमग्यानंतर आम्ही दोघी नदीवर गोधड्या धुवायला गेलो. पोर तिच्या पाठीला बांधलेलं. ओली गोधडी आपटताना ते पाठीवर हिंदकळत होतं. मला ते बघवेना, मी हातातली गोधडी खाली ठेवली.

"तसा नेम नाही ग. उलटत काही नाही. तो मी मनाचा लावला होता."

ती थांबली. मला वाटलं, आता शिव्या देईल, गोधडी अंगावर फेकेल, जाऊन सगळ्या वाडीत सांगेल. मी त्याची तयारी करून आले होते. तिनं हातातली गोधडी पिळून दगडावर टाकली. मग तिनं मला विचारलं,

"मग त्यो मंत्र आता इसरला तर चालंल का, अक्का?"

मी म्हटलं, चालेल. तिनं पाठीवरची गाठ सोडली आणि पोराला खाली ठेवलं. पोर दगडाधोंड्यांवरून अनवाणी पळत सुटलं, आणि ती खाली बसून, तोंडावर पदर घेऊन रडली. मला एका शब्दानं बोलली नाही, तेव्हाही नाही आणि पुढे तीस वर्षं एका घरात राहिलो तेव्हाही नाही.

मी तिथं उभी राहून एकच विचार करत होते. इंगळी तिच्या लेकराला चावली असती, आणि नदीपल्याड धाडायचं पोर माझं असतं, तर मी काय केलं असतं? मी पुढे झाले नसते, हे मला तिथंच कळलं. गावानं नाव घेतलं म्हणून मी तिच्यावर जळत होते ते काहीच नव्हतं. त्या दिवशी नदीवर मला तिचा जेवढा मत्सर वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता, आणि तो अजून आहे.